बनारसी आवळा आणि कंबरेचा घेर

काशीचा दुर्गाघाट मराठी माणसाला परका नाही. अठराव्या शतकात नारायण दीक्षित पाटणकर यांनी हा घाट बांधला आणि त्याच्या आसपास मराठी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या नांदली. कार्तिकस्नान, अक्षय नवमी, आवळीभोजन हे तेथील वर्षाचे ठरलेले टप्पे. आवळ्याची एक नामांकित जातच ‘बनारसी’ म्हणून ओळखली जाते. आवळ्यात ‘क’ जीवनसत्त्व आणि इतर अँटिऑक्सिडंट द्रव्ये विपुल असतात, हे खरेच आहे. मात्र या लौकिकाच्या आधारे विकल्या जाणाऱ्या गोळ्या मधुमेहाच्या उंबरठ्यावरील माणसाला तारतात काय, हा प्रश्न वेगळा आहे.

कंबरेचा वाढलेला घेर, उच्च रक्तदाब, उपाशीपोटी वाढलेली रक्तशर्करा, वाढलेले ट्रायग्लिसराइड आणि घटलेले हितकर कोलेस्टेरॉल या पाचांपैकी तीन गोष्टी एकत्र आल्या की त्यास ‘मेटाबोलिक सिंड्रोम’ म्हणतात. भारतीय पुरुषासाठी घेराची मर्यादा ९० सेंटिमीटर, तर स्त्रीसाठी ८० मानली जाते. पोटातील चरबी ही निव्वळ साठवण नव्हे. तिच्या पेशी फुगल्या की तेथे रोगप्रतिकारक पेशी गोळा होतात, दाहकारक द्रव्ये रक्तात मिसळतात आणि इन्शुलिनचे कार्य मंदावते. ताप नाही, वेदना नाही. दाह मात्र वर्षानुवर्षे धुमसत राहतो.

सडपातळ दिसणाऱ्यांनीही निश्चिंत राहू नये. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. दोघांचा देहभार निर्देशांक एकच, २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के!

दाहाबरोबर मुक्तमूलके वाढतात, म्हणून त्यांना शमविणारी गोळी घ्यावी, हा तर्क सरळ वाटतो. परंतु ब्रिटनमध्ये २०,५३६ व्यक्तींवर झालेल्या चाचणीत ‘ई’, ‘क’ जीवनसत्त्वे आणि बीटा-कॅरोटीन पाच वर्षे देऊनही हृदयविकार वा मृत्यू यांत घट आढळली नाही. हे निष्कर्ष २००२ चे. फिनलंडमध्ये तर बीटा-कॅरोटीन घेणाऱ्या धूम्रपींमध्ये फुप्फुसाचा कर्करोग वाढल्याचे १९९४ साली दिसले. धूर पुसल्याने चूल विझत नाही, तसाच हा प्रकार. अपवाद आहेत: मधुमेह नसलेल्या काही यकृतरुग्णांना ‘ई’ जीवनसत्त्वाचा लाभ झाल्याचे २०१० मध्ये आढळले. तथापि तो वैद्यकीय देखरेखीखालील उपचार होता.

२००९ मधील एक जर्मन प्रयोग अधिक उद्बोधक आहे. निरोगी तरुणांना चार आठवडे व्यायाम दिला असता इन्शुलिनची परिणामकारकता सुधारली. सोबत ‘क’ आणि ‘ई’च्या गोळ्या घेणाऱ्यांत ती सुधारणा दिसली नाही. व्यायामात निर्माण होणारी मुक्तमूलके स्नायूंना संकेतही देतात, आणि गोळ्यांनी तो संकेतच पुसला असावा. सर्वच प्रयोगांत असे घडले नाही, तरी गोळी निदान निरुपद्रवी असेल, हे गृहीत धरता येत नाही.

आवळा यामुळे दोषी ठरत नाही. तो कच्चा, कोशिंबिरीत वा चटणीत खावा. मोरावळ्याचे मात्र औषध म्हणून कौतुक करताना त्यातील पाक विसरला जातो, आणि रक्तशर्करा पाक विसरत नाही. ‘क’ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेमुळे घरगुती ग्लुकोमीटरवरील काही नोंदी चुकू शकतात. रक्त पातळ करणारी औषधे चालू असताना ‘ई’च्या मोठ्या मात्रेने रक्तस्रावाचा धोका वाढतो. अशी गोळी चालू असल्यास पुढील भेटीत तिची बाटलीच डॉक्टरांपुढे ठेवावी.