एकाच ताटातलं अन्न, पण गरज वेगळी

प्रश्न : आम्ही मूळचे नागपूरकडचे. सासरे भिलाई स्टील प्लांटमध्ये नोकरीला लागले, तेव्हापासून इथलेच झालो. मुलगा आणि मुलगी माझ्याच हातचं जेवतात. मुलगा ठणठणीत आहे, पण मुलीचं हिमोग्लोबिन आठच्या वर जात नाही. पालक, बीट, गूळ-शेंगदाणे, लोहाच्या गोळ्या, सगळं करून झालं. थंडी पडली की तिचे हातपाय ठणकतात, डोळे पिवळट दिसतात. माझं कुठे चुकतंय?
– एक आई, भिलाई

उत्तर : ताई, तुमच्या स्वयंपाकात खोट काढू नका. रक्त कमी असलं की आपण लोहाकडे वळतो, आणि बहुतेक घरांत ते बरोबरही असतं. पण पिवळट डोळे आणि हाडांतला ठणका सोबत असेल, तर छत्तीसगड आणि विदर्भात आधी सिकलसेलची तपासणी करायला हवी. तुमच्या मुलीला तोच आजार आहे की नाही, हे तपासणीनंतरच कळेल.

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल असतं. सिकलसेलमध्ये तिथे व्हॅलीन येतं. एवढ्याशा बदलाने प्राणवायू कमी पडताच गोल, लवचिक लाल पेशी विळ्यासारखी वाकडी आणि ताठर होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की ठणका लागतो, आणि लवकर फुटल्या की डोळे पिवळे होतात. निरोगी पेशी सुमारे 120 दिवस जगते. ही 10 ते 20 दिवसांतच संपते.

आता लोहाचं पाहा. भिलाईत भंगार वितळवून त्याचं पुन्हा पोलाद होतं, हे तुम्हाला सांगायला नको. शरीरही तेच करतं. जुन्या पेशींमधलं 20 ते 25 मिलिग्रॅम लोह ते रोज परत वापरतं. अन्नातून जेमतेम 1-2 मिलिग्रॅम घेतं. सिकलसेलमध्ये पेशी फुटल्या तरी त्यांतलं लोह बरंचसं शरीरातच राहतं. वारंवार रक्त चढवलं, तर प्रत्येक पिशवीतून 200 मिलिग्रॅमहून अधिक लोहाची भर पडते. म्हणून फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासून गोळ्यांचं डॉक्टरांनाच ठरवू द्या. काही रुग्णांत लोह खरोखरच कमी असतं, तेव्हा मनानं गोळ्या बंदही करू नका.

कमी पडतं ते फॉलिक आम्ल, कारण नव्या पेशी घडवायला अस्थिमज्जा अहोरात्र राबते. लाल भाजी, मुनग्याची म्हणजे आपल्या शेवग्याची पानं, चणे, मूग यांत ते मिळतं. भाजी फार उकळू नका आणि तिचं पाणी फेकू नका. तरी बहुतेकदा डॉक्टर वेगळी गोळीही देतात. पाण्याची गरजही मोठी असते: शरीर सुकलं की पेशी जास्त वाकतात. मे महिन्याच्या उन्हात बाटली तिच्या हाताशीच असू द्या.

हिमोग्लोबिनमधला हा बदल घडवणारा जनुक टिकला कसा? तो एकाच पालकाकडून आला, तर माणूस फक्त वाहक असतो, आणि वाहकांना फाल्सिपेरम मलेरियाच्या गंभीर आजारापासून बरंच संरक्षण मिळतं. म्हणूनच मध्य भारताच्या जंगलपट्ट्यात हा जनुक टिकला. वाहकाचा आहार बाकीच्यांसारखाच असतो. मात्र दोघंही पालक वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के, वाहक होण्याची 50 टक्के. तुमच्या घरातल्या दोन भावंडांमध्ये एवढा फरक असेल, तर तो असाही पडू शकतो.

1 जुलै 2023 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत सरकारी केंद्रांवर ही तपासणी होते. आधी साधी सोल्युबिलिटी चाचणी, मग खात्रीसाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस. मुलाचीही करा, तुम्हा दोघांचीही. तो ठणठणीत असला तरी वाहक असू शकतो, आणि उद्या त्याचं लग्न ठरवताना ही माहिती पत्रिकेपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

तपासणीच्या दिवशी मुलीला सोबत घेऊन समजावून सांगा, की हे तिच्या खाण्याच्या आवडीनिवडीमुळे झालेलं नाही. घासागणिक ‘आणखी पालक खा’ ऐकणाऱ्या मुलीला हे ऐकायची गरज आहे.