उद्यानमंडळाची नोंदवही आणि संगणक

वनस्पतींची आवड असणाऱ्यांनी एकत्र येऊन मंडळ स्थापन करावे, ही प्रथा आपल्या देशात जुनी आहे. कोलकात्याची ‘ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ इंडिया’ ही संस्था विल्यम केरी ह्यांनी १८२० मध्ये स्थापन केली. अशा मंडळांपाशी दोन प्रकारची संपत्ती असते : एक झाडांची, दुसरी अनुभवाची. पहिली बागेत डोळ्यांना दिसते. दुसरी बहुधा सभासदांच्या स्मरणातच असते आणि त्यांच्याबरोबर नाहीशी होते. ती टिकावी म्हणून संगणकावर माहितीसंच, म्हणजेच डेटाबेस, तयार करता येतो. ह्या कामी संगणकात निष्णात असलेल्यांचा व नवख्यांचा वाटा कोणता असावा, ते ह्या पाठात पाहू.

माहितीसंचाची रचना

माहितीसंच म्हणजे परस्परांशी जोडलेल्या तक्त्यांचा समूह होय. उद्यानमंडळास आरंभी तीन तक्ते पुरतात : वनस्पतींचा, सभासदांचा व निरीक्षणांचा. प्रत्येक वनस्पतीस एक स्वतंत्र क्रमांक द्यावयाचा आणि निरीक्षणाच्या नोंदीत तो क्रमांक लिहावयाचा. त्यामुळे वनस्पतीचे नाव, कूळ इत्यादी माहिती पुनःपुन्हा लिहावी लागत नाही.

माहितीच्या अशा रचनेची कल्पना ई. एफ. कॉड ह्या शास्त्रज्ञाने १९७० मध्ये मांडली. तिच्यामागील एक हेतू आपणांस उपयोगी आहे. यंत्रात माहिती कशी साठविली आहे, हे वापरणाऱ्यास ठाऊक असण्याची गरज पडू नये, असे कॉड ह्यांचे मत होते. अर्थात नवख्या माणसाची सोय हा ह्या शास्त्राचा मागाहून जोडलेला भाग नसून तो त्याच्या पायातच आहे.

एक नाव, अनेक झाडे

समजा, एका सभासदाने नोंद केली : ‘चाफा फुलला.’ हा चाफा कोणता? सोनचाफा म्हणजे मॅग्नोलिया चंपाका. पांढरा चाफा हा मूळचा उष्णकटिबंधीय अमेरिकेतील प्लुमेरिया होय. हिरवा चाफा सीताफळाच्या कुळातील आहे, तर नागचाफा ह्यांहून निराळा, मेसुआ फेरिया. उलट, एकाच सोनचाफ्यास कन्नडमध्ये संपिगे आणि तमिळमध्ये शेण्बगम म्हणतात. लिनियस ह्यांनी १७५३ च्या ग्रंथात वनस्पतींना सरसकट दोन शब्दांची नावे दिली, ती असाच गोंधळ टाळण्यास उपयोगी पडली. परंतु शास्त्रीय नावेही बदलतात. सोनचाफ्याचे मिचेलिया हे प्रजातिनाम जाऊन मॅग्नोलिया आले. क्रमांक मात्र बदलत नाही. यास्तव क्रमांकाशी शास्त्रीय नाव, जुने नाव व निरनिराळ्या भाषांतील नावे जोडून ठेवावीत. मग सभासदाने ‘चाफा’ एवढेच लिहिले, तरी संगणक चार चित्रे पुढे ठेवून ‘ह्यांपैकी कोणता?’ असे विचारू शकेल.

नवखा कोण?

चाळीस वर्षे गुलाबाची कलमे बांधणारा माळी संगणकापुढे नवखा ठरतो. संगणकाची भाषा सफाईने लिहिणारा तरुण गुलाबाच्या वाफ्यात तितकाच नवखा असतो. तेव्हा ‘जाणता’ आणि ‘नवखा’ हे शिक्के माणसास नसून कामास लागू पडतात. ज्याच्यापाशी माहिती आहे, त्यास ती भरता येत नसेल, तर दोष माणसाचा नव्हे, नोंदपत्राचा मानावा.

एक उदाहरण घेऊ. आंब्याचा मोहोर केव्हा गळला, असे विचारता माळी सांगतो, ‘होळीच्या आधी चार दिवस.’ नोंदपत्र केवळ तारीखच मागत असेल, तर तो एक तर गप्प बसेल किंवा काही तरी तारीख ठोकून देईल. दोन्ही प्रकारे माहितीची हानीच होते. त्याचे शब्द व वर्ष जसेच्या तसे लिहून घ्यावे. पंचांग पाहून तारीख काढण्याचे काम जाणत्याने शेजारच्या रकान्यात करावे.

कामाची वाटणी

नवख्यासाठी नोंदपत्र लहान असावे : झाड, स्थळ, दिवस व काय दिसले. ‘ठाऊक नाही’ हे उत्तर नेहमी मान्य असावे. ‘फूल नव्हते’ आणि ‘पाहिले नाही’ ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. रिकाम्या रकान्यात त्या एक होऊन जातात. संगणक न वापरणाऱ्याने कागदावर लिहून द्यावे व दुसऱ्याने ते त्याच्या शेजारी बसून भरावे.

जाणत्याने तक्त्यांची रचना करावी, चुका शोधाव्यात आणि माहितीची दुसरी प्रत अन्यत्र ठेवावी. दुरुस्ती करताना मूळ नोंद पुसू नये. दुरुस्ती कोणी व केव्हा केली, ते बाजूस लिहावे. कारण पुष्कळदा चूक दुरुस्त करणाराच चुकतो. शिवाय सर्व किल्ल्या एकाच जाणत्याच्या हाती नसाव्यात. तो गाव सोडून गेला, तर स्मरणात बंद असलेली माहिती आता यंत्रात बंद होईल आणि मंडळाने साधले काय, असा प्रश्न पडेल.

अभ्यास

१. आपल्या शाळेच्या आवारातील दहा झाडांस क्रमांक देऊन वनस्पतींचा तक्ता कागदावर तयार करा.

२. शाळेतील माळ्यास त्यांपैकी एका झाडाविषयी विचारा. त्याचे शब्द जसेच्या तसे लिहा आणि त्यांतील कोणती माहिती तुमच्या तक्त्यात बसत नाही, ते पाहा.

३. त्या माहितीसाठी तक्त्यात कोणता नवा रकाना घालावा, ते माळ्याशी बोलून ठरवा.