चमक रंगाच्या आधी ठरते

खानदेशातल्या जुन्या घरांना सातपुड्याच्या सागाची सवय. साग नुसत्या पॉलिशवर खुलतो. आता जळगाव-धुळ्याच्या नव्या घरांत स्वयंपाकघराची शटरं एमडीएफची असतात आणि गिऱ्हाइकाला ती आरशासारखी हवी असतात. लाकडाचे तंतू राळेत दाबून केलेल्या या बोर्डाला ना रेषा ना गाठ. रंगासाठी इतकं सपाट अंग दुसरं नाही, पण त्याची तयारी वेगळी करावी लागते. कामातून जे पक्कं कळलं, ते सांगतो.

१. आधी कड, मग अंग. बोर्डाचे दोन्ही पृष्ठभाग घट्ट असतात, पोट मोकळं असतं. म्हणून कापलेली कड रंग पीत राहते. ती १८० आणि मग ३२० नंबरच्या पॉलिशपेपरने घासा, धारदार कोपरा किंचित गोल करा. धारेवर रंग टिकत नाही, मागे सरतो. कडेला पी.यू. (पॉलियुरेथेन) सीलरचे दोन-तीन पातळ हात द्या आणि प्रत्येक हातानंतर घासा. पाण्याचा प्रायमर नको, त्याने तंतू फुगतात.

२. पाठही बंद करा. एकच बाजू रंगवली की दुसरी हवेतली ओल घेते आणि शटर बाक धरतं.

३. भिंतीची पुट्टी भिंतीलाच. सिमेंटची पुट्टी बोर्डावर तडकते. लाकडाची किंवा पॉलिस्टरची लांबी वापरा. उन्हाळ्यात हार्डनर घातलेली लांबी मिनिटांत आवळते, म्हणून एका वेळी थोडीच कालवा.

४. हाताने नाही, ठोकळ्याने घासा. बोटांखाली खळगे पडतात आणि चकाकी ते लपवत नाही, उलट दाखवते. प्रायमरवर काळ्या रंगाचा हलका फवारा मारून घासलं की काळं जिथे उरतं तिथे खड्डा आहे. तो भरा, पुन्हा घासा. शेवटी ४०० नंबर.

५. डब्यापेक्षा हवा मोठी. डब्यावरचे वाळण्याचे तास साधारण हवेसाठी असतात. आपल्याकडे वैशाखात पारा ४४-४५ अंशांवर जातो. रंग पृष्ठभागावर पसरण्याआधीच थिनर उडतो आणि संत्र्याच्या सालीसारखा खरखरीत थर बसतो. उन्हाळ्यात सावकाश उडणारं थिनर घ्या आणि सकाळी लवकर फवारा. पावसाळ्यात उलट त्रास: दमट हवेत एन.सी. (नायट्रोसेल्युलोज) रंगावर पांढरट झाक येते, पी.यू.मध्ये बुडबुडे उठतात. कॉम्प्रेसरला पाणी अडवणारा फिल्टर हवाच, टाकीतलं पाणीही रोज काढा.

६. धूळ आणि वारा. दिवाळीनंतर जिनिंग सुरू झालं की आसपासच्या हवेत कापसाचे तंतू तरंगतात. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलला पवनचक्क्या उभ्या आहेत इतका वारा वाहतो, त्या भागात उघड्यावर फवारणी नकोच. खोली बंद, जमीन ओलसर, छताचा पंखा बंद. हवा बाहेर खेचणारा पंखा मात्र चालू, आणि आत येणाऱ्या हवेला जाळीचा गाळणा.

७. पातळ हात, पुरता विसावा. एक जाड हात ओघळतो. दोन-तीन पातळ हात द्या, गन सहा ते आठ इंचांवर धरा, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवा. हार्डनर मापानेच घाला, अंदाजाने नाही. रंग आतपर्यंत कडक झाल्यावरच १५०० आणि २००० नंबरने पाणी लावून घासा आणि मग कंपाउंड फिरवा. वरून कोरडा वाटणारा रंग आतून ओला असला तर चकाकी काही आठवड्यांत बसते.

८. छाती जपा. एमडीएफची भुकटी फार बारीक असते, तिच्यात राळही असते. पी.यू.च्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटने दमा जडतो. तोंडाला बांधलेला रुमाल वाफ अडवत नाही. रंगाच्या वाफेसाठीचा कार्ट्रिज मास्क लावा, हाताखालच्या पोरांनाही द्या.

आता गिऱ्हाइकांना एक विनंती. घर सजवायची आपली घाई नेमकी दोन सणांना असते. आखाजी भर उन्हात येते आणि कानबाई श्रावणाच्या ओलीत, म्हणजे दोन्ही वेळा रंगाला हवा वाईट. आखाजीला नवं स्वयंपाकघर हवं असेल तर काम दिवाळी होताच सांगा. हिवाळ्यातल्या दुपारी रंगाला सर्वांत मानवतात. कारागिराला तेवढे दिवस दिलेत, तर चमक वर्षानुवर्षं टिकेल.