‘फकिरा’तील निष्पाप जीव



अण्णाभाऊ साठे यांची ‘फकिरा’ ही कादंबरी १९५९ साली प्रसिद्ध झाली. अण्णाभाऊंनी ती डॉ. बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. ती घरात वाचून दाखविली की एक प्रश्न हमखास निघतो. आपण पंचशील ग्रहण केले, चोरी न करण्याचे शील घेतले. मग धान्य लुटणाऱ्या फकिराला थोर कसे म्हणावे?

उत्तरासाठी कादंबरीतील निष्पाप जीव पाहा.

पहिली, भुकेली मुले. दुष्काळात मांगवाडा अन्नावाचून तडफडतो आणि धनिकांची कोठारे भरलेली असतात. १९७२ चा दुष्काळ सोसलेल्या मराठवाड्यातील वडीलधाऱ्यांना हे समजावून सांगावे लागत नाही.

दुसरी, हजेरी. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. गुन्हा घडो न घडो, सबंध जमात गुन्हेगार ठरली. तिच्यात जन्मलेले मूल कपाळी शिक्का घेऊनच येई. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला.

तिसरे, ओलीस. फकिरा सापडत नाही म्हणून सरकार त्याची माणसे, बायकामुलांसकट, कोंडते. त्यांच्या सुटकेसाठी फकिरा आपण होऊन हजर होतो आणि मरण पत्करतो.

आता धम्म काय सांगतो? दीघनिकायातील चक्कवत्ति-सीहनाद सुत्तात राजा निर्धनांना धन देत नाही. त्यामुळे दारिद्र्य वाढते, दारिद्र्यातून चोरी आणि चोरीतून हत्या वाढते. भगवंतांनी चोरीला चांगले म्हटले नाही. तिचे मूळ दाखविले. वसल सुत्तात तर माणूस जन्माने नव्हे, कर्माने नीच ठरतो, असे त्यांनी शिकविले.

म्हणून शील आपण पाळायचेच. पण भुकेल्याला चोर म्हणण्याआधी त्याचे अन्न कोणी अडविले, हे विचारणेही धम्माचेच काम आहे.

आजही गावात चोरी झाली की पहिले बोट पारध्यांच्या पालाकडे जाते. दीक्षा घेतलेल्या घरातूनही तेच बोट उठत असेल, तर जात आपल्या मनातून गेलेली नाही असे समजावे.

घरी चर्चेसाठी प्रश्न :
१. फकिरा पळून जाऊ शकत असता हजर का झाला?
२. जन्मावरून संशय घेणे आपल्या वस्तीत कोठे दिसते? ते थांबविण्यासाठी आपले घर काय करील?

जयभीम.

— एक शिक्षक, पिंगळी (जि. परभणी)