घड्याळाने दाखवली समुद्रावरची वाट
(इयत्ता सातवी – भूगोल)

मित्रांनो, पृथ्वीच्या गोलावर आपण आडव्या आणि उभ्या रेघा पाहतो. आडव्या रेघा अक्षांशाच्या, उभ्या रेघा रेखांशाच्या. परीक्षेसाठी आपण त्या पाठ करतो. पण या उभ्या रेघा समुद्रावर ओळखता येत नव्हत्या, म्हणून एके काळी हजारो खलाशी बुडून मेले. त्यांची आणि एका सुताराची ही हकिकत आहे.

अक्षांश काढणे सोपे असते. ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर दिसतो, साधारण तितकाच आपला अक्षांश. आपल्या महाराष्ट्रात तो १६ ते २२ अंश वर दिसतो. पण रेखांशाचे तसे नाही. एकाच अक्षांशावरच्या सगळ्या ठिकाणांना तेच तारे तेवढ्याच उंचीवर दिसतात, फक्त वेळ मागेपुढे होते. म्हणजे पूर्वेला किती आणि पश्चिमेला किती, हे आकाशाकडे नुसते पाहून कळत नाही.

२२ ऑक्टोबर १७०७ च्या रात्री इंग्लंडचे आरमार जिब्राल्टरहून घरी परतत होते. आपण नेमके कुठे आहोत याचा अंदाज चुकला. सिली बेटांच्या खडकांवर चार जहाजे आपटून बुडाली. चौदाशे ते दोन हजार माणसे गेली. सेनापती शॉव्हेल हेही त्यांत होते. घर अगदी जवळ आले होते!

पुढे १७१४ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने कायदा करून बक्षीस लावले. जो कोणी अर्ध्या अंशापर्यंत अचूक रेखांश काढून दाखवील त्याला २०,००० पौंड!

आता वेळ आणि रेखांश यांचा संबंध काय, ते पाहू.

पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते.
म्हणून १ तासात १५ अंश,
आणि १ अंश फिरायला ४ मिनिटे.

समजा, जहाजावर ग्रीनिचची वेळ दाखवणारे घड्याळ आहे. भर समुद्रात सूर्य माथ्यावर आला, म्हणजे जहाजावर दुपारचे १२ वाजले. त्याच वेळी घड्याळात ३ वाजलेले दिसले. फरक ३ तासांचा. ३ × १५ = ४५. ग्रीनिचच्या वेळेपेक्षा आपण मागे आहोत, म्हणून जहाज ४५ अंश पश्चिम रेखांशावर. झाले की नाही सोपे?

मग अडचण कसली? अडचण घड्याळाचीच होती, बरं का. त्या काळची चांगली घड्याळे लंबकाची. जहाज हेलकावे खाऊ लागले की लंबक बिघडे. उन्हाने धातू प्रसरण पावे, थंडीने तेल घट्ट होई. घड्याळ ४ मिनिटे चुकले तर विषुववृत्तावर १११ किलोमीटरची चूक! अर्धा अंश म्हणजे २ मिनिटे. सहा आठवड्यांच्या प्रवासात एवढीच सूट असेल, तर घड्याळ रोज ३ सेकंदसुद्धा चुकून चालणार नव्हते.

मोठमोठे विद्वान म्हणत, असे घड्याळ होणेच शक्य नाही. चंद्र आणि तारे यांच्यातील अंतर मोजूनच रेखांश काढावा लागेल.

पण जॉन हॅरिसन हा सुतार हटला नाही. त्याचा जन्म १६९३ चा. वडीलही सुतारच. शाळेत फारसे शिक्षण झाले नव्हते. त्याने आधी लाकडाचीच घड्याळे केली. ज्या लाकडातून आपोआप तेल सुटते असे लाकूड वापरले, म्हणजे तेल घालायचा प्रश्नच मिटला. पितळ आणि पोलाद उष्णतेने कमीजास्त वाढतात, हे ओळखून त्याने दोन्हींच्या कांड्या अशा जोडल्या की एकीची वाढ दुसरीने भरून काढावी.

समुद्रासाठी केलेले त्याचे पहिले घड्याळ १७३५ साली तयार झाले. वजन सुमारे ३४ किलो! तिसऱ्या घड्याळावर तर त्याने १९ वर्षे घालवली. शेवटी १७५९ मध्ये चौथे घड्याळ झाले. ते खिशातल्या घड्याळासारखेच, पण मोठे; रुंदी १३ सेंटिमीटर, वजन दीड किलोच्या आत. १७६१ च्या नोव्हेंबरात त्याचा मुलगा विल्यम ते घेऊन जमैकाला निघाला. ८१ दिवसांनंतर हिशेब केला, तेव्हा घड्याळ फक्त ५ सेकंद मागे पडले होते!

तरी परीक्षक म्हणाले, हा योगायोग असेल. १७६४ साली बार्बाडोसपर्यंत पुन्हा परीक्षा झाली. घड्याळ पुन्हा पास. तरीही १७६५ मध्ये निम्मेच पैसे हाती आले. अखेर म्हाताऱ्या हॅरिसनची बाजू राजा तिसरा जॉर्ज याने घेतली, आणि १७७३ मध्ये पार्लमेंटने ८,७५० पौंड दिले. तेव्हा हॅरिसन ८० वर्षांचा होता. तीन वर्षांनी तो वारला. त्याच्या चौथ्या घड्याळासारखे घड्याळ सोबत घेऊन कॅप्टन कुकने १७७२ ते १७७५ ही सफर केली आणि त्याची फार वाखाणणी केली.

पालकांनो, आज मोबाइल आपले ठिकाण दाखवतो तेही घड्याळांच्याच जोरावर. उपग्रहांत अणुघड्याळे असतात.

भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून धरतात. ८२.५ × ४ = ३३० मिनिटे, म्हणून आपण ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. नागपूर मुंबईच्या सुमारे सव्वासहा अंश पूर्वेला आहे, म्हणून तिथे सूर्य सुमारे २५ मिनिटे आधी माथ्यावर येतो. घड्याळे मात्र दोन्हीकडे सारखीच!

करून पाहा : अंगणात सरळ काठी उभी रोवा. सावली सर्वांत आखूड होईल तेव्हा घड्याळ पाहा. बाराच वाजले आहेत का?

सांगा पाहू : जहाजावर दुपारचे १२ वाजले, ग्रीनिचच्या घड्याळात सकाळचे ८. जहाज कोणत्या रेखांशावर?
(उत्तर : ६० अंश पूर्व)