मूठ, चिंचोके आणि प्रकाशकण

एकी-बेकीचा खेळ कोणास ठाऊक नाहीं? एडवणच्या किनाऱ्यावर दोघे मित्र खेळावयास बसले, म्हणजे एकानें मुठींत चिंचोके धरावे, दुसऱ्यानें 'एकी' किंवा 'बेकी' म्हणावें, आणि मग मूठ उघडावी. दोघेही लबाड असले तरी चालतें. बंद मूठच न्याय करिते. पण एक मित्र एडवणला, दुसरा तारापूरला आणि खेळ दूरध्वनीवर, तर? उत्तर ऐकून एक चिंचोका हळूच काढून टाकणें किती सोपें!

नेहमींच्या गूढलेखनांत दोघे मित्र मिळून तिसऱ्या चोरापासून गुपित राखितात. येथें समोरचाच चोर असूं शकतो. व्यापाऱ्यांनीं दुरून बंद पाकिटांतील बोली लावावयाची म्हटली, तरी हीच अडचण.

सन १९८४ मध्यें बंगळूरच्या एका परिषदेंत चार्ल्स बेनेट व झिल ब्रासार ह्या शास्त्रज्ञांनीं एक निबंध सादर केला. गुप्त किल्ली पाठविण्याच्या युक्तीमुळें तो जगभर गाजला. पण त्यांतच दुरून नाणेफेक करण्याचीही रीत होती, आणि मला तीच अधिक मनोरंजक वाटते. प्रकाशकणाच्या कंपनाच्या दिशांच्या दोन जोड्या घ्या : एक उभी-आडवी, दुसरी तिरपी. पहिल्यानें एक जोडी मनांत धरून तिच्यांतील दिशांचे अनेक कण पाठवावे. एकच कण दोन्ही जोड्यांनीं अचूक मोजतां येत नाहीं, हा पुंज-सिद्धांताचा नियम. म्हणून जोडी कोणती, हें दुसऱ्यास कळत नाहीं. त्यानें प्रत्येक कण मनास येईल त्या जोडीनें मोजून नोंद ठेवावी व जोडी अंदाजानें सांगावी. अंदाज बरोबर, तर तो जिंकला. शेवटीं पहिल्यानें आपली मूळ यादी दाखवावी. ती नोंदीशीं जुळली नाहीं, तर लबाडी उघड.

परंतु ही मूठ फुटकी निघाली, आणि तें स्वतः त्या दोघांनींच त्याच निबंधांत कबूल केलें! पहिल्यानें परस्परांत गुंतलेले जुळे कण करावे. एक पाठवावा, एक जपून ठेवावा. अंदाज ऐकल्यावर जपलेले कण नेमके दुसऱ्या जोडीनें मोजले, कीं हवी ती यादी तयार. आपल्याच रीतींतील छिद्र असें चारचौघांत दाखविणारे विरळाच.

पुढें १९९७ सालीं मेयर्स यांनीं, तसेंच लो व चाऊ यांनीं, केवळ पुंज-नियमांच्या बळावर पूर्ण अभेद्य मूठ बांधणें अशक्य असल्याचें सिद्ध केलें. मात्र कोणास कोणता निकाल हवा हें आधींच उघड असेल, आणि एकी-बेकींत तें असतेंच, तर लबाडीचा वाव हवा तितका कमी करितां येतो, असें कार्लोस मोचोन यांनीं २००७ मध्यें दाखविलें. फक्त तो वाव जितका कमी करावा, तितक्या निरोपांच्या फेऱ्या अतोनात वाढतात.