दोन दारांची गाडी आणि गद्दीचा हिशोब

कापडाच्या बाजारात माणसाची साख पूर्वी त्याच्या जबानीवर ठरत असे. पुढे ती चेकवर ठरू लागली. आता पुष्कळ वेळा ती दारात उभ्या असलेल्या गाडीवर ठरते. ही गोष्ट आम्ही ऐकीव सांगत नाही, स्वतः नुकसान सोसून सांगत आहोत.

आम्ही भिवंडीत ग्रे कापडाचा व्यापार करतो. २०१८ साली एक नवी पार्टी दलालाबरोबर आमच्या गद्दीवर आली. ज्या गल्लीत हातगाडी आणि टेम्पो एकमेकांना वाट देताना भांडतात, त्या गल्लीच्या तोंडाशी पिवळ्या रंगाची, दोन दारांची स्पोर्ट्‌स कार उभी राहिली. लूमवरची पोरे काम सोडून पाहायला गेली. खरे सांगायचे तर आम्हीही गद्दीवरून मान उंचावून पाहिले. नव्या पार्टीला माल देण्याआधी बाजारात दोन ठिकाणी चौकशी करायची, हा आमच्या अब्बांचा शिरस्ता. त्या दिवशी आम्ही एकाही ठिकाणी चौकशी केली नाही. १४ लाखांचा माल ९० दिवसांच्या उधारीवर दिला.

९० दिवस गेले, १५० गेले. मग कळले की गाडी कर्जावर होती, हप्ते थकले होते आणि शेवटी बँकेची माणसे येऊन ती घेऊन गेली. दोन वर्षे चकरा मारून आमचे ५ लाख सुटले, बाकीचे बुडाले. यात गाडीचा काही दोष नाही. दोष आमचा. खातेवही वाचायची सोडून आम्ही बोनेट वाचत बसलो.

पुतण्याचा प्रश्न

हा विषय आज काढण्याचे कारण घरातलेच आहे. आमचा पुतण्या २७ वर्षांचा आहे, मेहनती आहे, धंदा त्याने वाढवला आहे. गेल्या महिन्यात तो म्हणाला, "चाचा, एक स्पोर्ट्‌स कार घ्यायची आहे. शौक म्हणून नाही, धंद्यासाठीच. मोठ्या पार्ट्या गाडी पाहून बसायला खुर्ची देतात."

त्याला नुसते "नको" म्हणून भागणार नव्हते. तरुण माणसाला नकारापेक्षा हिशोब लवकर पटतो. म्हणून कागद-पेन्सिल घेऊन बसलो. जो हिशोब त्याच्यापुढे मांडला, तोच आमच्या व्यापारी व कारागीर बंधूंपुढे मांडतो.

गाडीची खरी किंमत

समजा, शोरूममधली किंमत १ कोटी आहे. यातच सरकारचा मोठा वाटा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या इंजिनाच्या गाड्यांवर जीएसटी ४० टक्के झाला. म्हणजे त्या १ कोटीत साधारण २८.५ लाख हा नुसता कर आहे. आपण सूत घेतो तेव्हा त्यावर भरलेल्या जीएसटीची वजावट आपल्याला मिळते. गाडीवर भरलेल्या जीएसटीची वजावट साध्या व्यापाऱ्याला मिळत नाही. कायद्याच्या कलम १७(५) ने ती अडवली आहे. ज्यांचा धंदाच गाड्या विकण्याचा, प्रवासी नेण्याचा किंवा ड्रायव्हिंग शिकवण्याचा आहे, त्यांनाच ती आहे. "फर्मच्या नावावर घेऊ, जीएसटी परत येईल" असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

दुसरा खर्च नोंदणीचा. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला व्यक्तीच्या नावावर १३ टक्के कर आहे, म्हणजे १३ लाख. कंपनीच्या नावावर घेतली तर २० टक्के, म्हणजे २० लाख. आयात केलेल्या गाडीलाही २० टक्केच. या कराची कमाल मर्यादा जुलै २०२५ मध्ये २० लाखांवरून ३० लाख करण्यात आली. काही लोक कर वाचवण्यासाठी परराज्यातला पत्ता दाखवून गाडी नोंदवतात आणि फिरवतात मुंबईत. गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त दुसऱ्या राज्यात राहिली तर तिची तिथे नव्याने नोंदणी करावी लागते, हा मोटार वाहन कायद्याचा नियम आहे. खोटा पत्ता दाखवणे हा तर सरळ गुन्हा.

तिसरी गोष्ट घसाऱ्याची. विम्याच्या कोष्टकात गाडीची किंमत सहा महिन्यांतच ५ टक्के उतरते. पहिले वर्ष भरताना १५ टक्के, दुसऱ्यात २०, तिसऱ्यात ३०, चौथ्यात ४० आणि पाचव्यात ५० टक्के उतार धरतात. १ कोटीची गाडी ५ वर्षांनी ५० लाखांची. ही कोष्टकातली किंमत झाली. बाजारात घासाघीस करणारा गिऱ्हाईक यावरही आणखी खाली मागतो.

आता गद्दीचा हिशोब. हेच १ कोटी कापडात फिरले तर ९० दिवसांच्या उधारीने वर्षात चार वेळा फिरतात. दर फेरीला सर्व खर्च जाऊन २ टक्केच सुटले असे धरले तरी वर्षाला ८ लाख, ५ वर्षांत ४० लाख. आता बेरीज करावी. किमतीतला उतार ५० लाख, नोंदणी १३ लाख, बुडालेला नफा ४० लाख. एकूण १ कोटी ३ लाख. यात विम्याचा हप्ता, पेट्रोल, टायर, सर्व्हिसिंग आणि कर्जाचा बोजा धरलेलाच नाही. म्हणजे गाडीची खरी किंमत शोरूममधल्या पाटीवर लिहिलेली नसते.

पुतण्या म्हणाला, "पण चाचा, इन्कम टॅक्समध्ये घसारा मिळतो." मिळतो, कबूल. गाडीवर १५ टक्के. पहिल्या वर्षी १५ लाख खर्च दाखवला आणि ३० टक्के दराने कर धरला तर साडेचार लाख वाचतात. तेही गाडी जितकी धंद्यासाठी वापरली तितक्याच प्रमाणात. साडेचार लाख वाचवायला १ कोटी घालवणे याला बचत म्हणत नाहीत.

"काही गाड्यांची किंमत वाढते म्हणे," हाही त्याचा सवाल होता. वाढते. फेरारी कंपनीने १९६२ ते १९६४ या काळात '२५० जीटीओ' नावाच्या फक्त ३६ गाड्या बनवल्या. त्यातली एक २०१८ साली अमेरिकेत लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली. पण ती ३६ मधली एक होती. आपल्याला शोरूममध्ये मिळते ती तशी नसते. जुन्या पैठणीला भाव येतो म्हणून मिलचा प्रत्येक तागा जपून ठेवत नाहीत.

फुकट मिळालेली गाडीही फुकट नसते

२००२ साली सचिन तेंडुलकर यांनी ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली. त्याबद्दल फियाट कंपनीने त्यांना 'फेरारी ३६० मोडेना' भेट दिली. गाडीची किंमत सुमारे ७५ लाख, आणि भारतात आणताना आयात शुल्क सुमारे १ कोटी १३ लाख! सरकारने शुल्क माफ केले, तेव्हा २००३ मध्ये देशभर चर्चा उठली आणि प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेले. शेवटी शुल्क फियाटने भरले. २०११ साली ती गाडी सुरतच्या एका व्यावसायिकाला विकली गेली.

यातून व्यापाऱ्याने दोन गोष्टी शिकाव्यात. पहिली, भेट म्हणून आलेल्या वस्तूचाही खर्च विचारावा. दुसरी अधिक महत्त्वाची. सचिनवर लोकांचे अपार प्रेम होते, तरी गाडीवरच्या सवलतीची गोष्ट निघताच लोकांनी सवाल केला. महागडी गाडी लोकांच्या मनात प्रेम आणि हिशोब दोन्ही एकदम जागे करते. जिथे सचिनला सुटका नव्हती, तिथे आपल्याला कुठून असणार?

लोक काय पाहतात

आपण समजतो की लोक गाडी पाहून मान देतात. पण कोण पाहतो त्यावर ते अवलंबून आहे. नवी पार्टी पाहते तेव्हा म्हणते, माणूस मोठा आहे. सूतवाला पाहतो तेव्हा म्हणतो, यांच्याकडे पैसा आहे, मग माझे पेमेंट का अडकले? कारागीर पाहतो तेव्हा मनात म्हणतो, मजुरी वाढवायला यांच्याकडे पैसे नव्हते. आमच्याच बाजारात एका व्यापाऱ्याने अशी गाडी घेतली आणि महिन्याभरात सूतवाल्यांनी त्याची उधारी ६० दिवसांवरून ३० वर आणली. गाडी आली आणि साख गेली.

यात न्यायही पाहावा. प्रत्येक महागड्या गाडीचा मालक चोर किंवा दिखाऊ असतो, असे समजणे ही बदगुमानी आहे. कोणी हलालाच्या कमाईतून, कर भरून, कोणाचे देणे न ठेवता शौक पुरवत असेल तर त्याच्याकडे वाकड्या नजरेने पाहण्याचा आपल्याला हक्क नाही. गाडी पाहून माणसाला मोठा ठरवणे जितके चूक, तितकेच गाडी पाहून त्याला वाईट ठरवणेही चूक.

चावी कोणाच्या हातात?

शेवटची गोष्ट पैशाची नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्श गाडीने मोटारसायकलला धडक दिली. दोन तरुण अभियंते, एक मुलगा आणि एक मुलगी, जागीच गेले. गाडी चालवण्याचा आरोप १७ वर्षांच्या मुलावर आला. काही तासांत त्याला जामीन मिळाला. त्यात ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती, ती ऐकून सारा देश संतापला. गाडीची कायमची नोंदणीही झालेली नव्हती. १,७५८ रुपयांची फी भरायची राहिली होती, असे परिवहन खात्याने सांगितले. कोट्यवधींची गाडी, आणि दोन हजारांच्या आतले काम अपुरे!

अल्पवयीन मुलाने अपघात केला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, असा कायदा २०१९ च्या दुरुस्तीने झाला आहे. पण कायद्याच्याही आधी बापाची जबाबदारी आहे. जी गाडी चार-पाच सेकंदांत ताशी १०० किलोमीटरचा वेग घेते, तिची चावी घरात कुठे टांगली आहे, हा विमा आणि घसारा यांच्या आधी विचारायचा सवाल आहे.

घेण्याआधी पाच सवाल

१) सूतवाले, सायझिंगवाले, कारागीर यांचे देणे फिटले आहे काय?
२) गाडी कर्जाशिवाय घेता येते काय? धंद्याचे लूम किंवा गाळा तारण ठेवावा लागत असेल तर ती गाडी आपली नव्हे.
३) सहा महिने बाजार बंद पडला तर मजुरी देण्याइतकी रक्कम बाजूला आहे काय?
४) कागदपत्रे, नोंदणी, विमा पहिल्या दिवसापासून पक्के असतील काय?
५) घरात १८ वर्षांखालचा मुलगा आहे काय, आणि चावी कोणाकडे राहील?

आणि जे गाडी घेत नाहीत, केवळ पाहतात, त्यांच्यासाठी सहावी गोष्ट. समोरची पार्टी कोणत्याही गाडीतून येवो, बाजारात दोन ठिकाणी चौकशी करूनच माल द्यावा. ती चौकशी फुकट होते. न करण्याची किंमत आम्ही ९ लाख मोजली आहे.

पुतण्याने पाचही सवाल कागदावर उतरवून घेतले. पहिल्याच सवालापाशी तो अडला. सूतवाल्यांचे आणि सायझिंगचे मिळून ३८ लाख देणे निघाले. कागद घडी करून त्याने खिशात घातला आणि म्हणाला, "चाचा, आधी हे फेडतो. मग पुन्हा बसू." आम्ही म्हटले, जरूर बसू. त्या दिवशीही हिशोब जमला तर गाडी पाहायला आम्ही स्वतः बरोबर येऊ.